मागच्या सीटवरच्या आईंना

प्रिय आई,

काल रविवारी सकाळी मी एका अनोळखी माणसाला मागच्या सीटवर बसवून नदीकाठाने आठ किलोमीटर सायकल चालवली. घरी आलो, आंघोळ केली, आणि पोहे खायच्या आधी हे तुम्हाला फोन करून सांगावं म्हणून फोन हातात घेतला. मग आठवलं. म्हणून हे पत्र.

इथे जपानात, एदोगावा भागात, आमच्या घराजवळच्या नदीच्या बांधावर महिन्यातून एकदा काही मंडळी जमतात. ज्यांना दिसत नाही त्यांना दोन सीटांच्या सायकलवरून फिरवून आणतात. पुढे डोळस माणूस, मागे न दिसणारा. मी दोन महिने नुसता लांब उभा राहून बघत होतो. काल धीर करून विचारलं, मी पुढे बसू का? त्यांनी विचारलं, अनुभव आहे? म्हटलं, आहे. तीन दिवस, एका तळ्याभोवती, सासूबाईंना घेऊन. सगळे हसले! अशी मोकळी हसणारी जपानी माणसं मी ऑफिसात कधी पाहिली नाहीत.

माझ्या मागे मोरी-सान बसले होते. बहात्तर वर्षांचे आहेत. जन्मभर लोकांचे पियानो सुरात लावून दिले. वाटेत त्यांनी विचारलं, "तुमच्या सासूबाई मागे बसून काय करायच्या?" माझ्या जपानीत एवढंच सांगता आलं की पायडल मारायच्या. ते म्हणाले, "असं होय." पण ते उत्तर फारच अपुरं होतं, आई. दिवसभर टोचत राहिलं.

तुम्हाला 'आई' म्हणतोय खरा, पण लग्नानंतरच्या अकरा वर्षांत समोरासमोर अशी हाक किती वेळा मारली असेन? दहा वेळा? तेवढीही नाही. "शुभदा, आईंना चहा हवाय का विचार," असं तुमच्यासमोर बसून बायकोला सांगणारा जावई मी. तुम्हीही काही कमी नव्हता! "मिलिंदरावांना अजून एक पोळी वाढ." फोनवर तर आपलं बोलणं ठरलेलंच. "कसे आहात?" "बरा आहे. तुम्ही?" "बरी आहे." "शुभदाला देतो हं." संपलं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी उरकून तुम्ही आमच्याकडे आलात. तेव्हा काचबिंदूने तुमची नजर जवळजवळ गेलेली होती. उजेड आहे की अंधार, तेवढं कळायचं. एकदा शुभदा कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तुम्ही मोजे जोडीने लावत होतात, नुसत्या हाताने चाचपून. तेव्हा सहज म्हणालात, "वाचन गेलं त्याचं एवढं काही नाही गं, रेडिओ आहे. सायकल गेली त्याचं वाटतं."

कराडच्या मुलींच्या शाळेत तुम्ही तीस वर्षं भूगोल शिकवलात, आणि तीसही वर्षं सायकलवरून शाळेत गेलात. शुभदाने ते वाक्य मनात ठेवलं. दोन दिवसांनी तिने जाहीर केलं, आपण चौघं कासुमिगाउरा तळ्याभोवती सायकलने जायचं. त्सुकुबाच्या पुढे, तळं भलं मोठं, रस्ता सपाट, आणि तिथे दोन सीटांची सायकल भाड्याने मिळते. ती पुढे, तुम्ही मागे. मी आणि इरा आपापल्या सायकलींवर.

नदीच्या बांधावर भाड्याच्या एका दोन सीटांच्या सायकलवर तुमचा दोघींचा सरावही झाला. इरा तेव्हा नऊ वर्षांची होती. धावत येऊन मला सांगत होती, "आजी सुगोई! भारी! आजी ओरडतेय!" तुम्ही ओरडत नव्हतात, हसत होतात. इराने तुम्हाला तसं हसताना आधी कधी ऐकलं नव्हतं. मीही नाही.

पण तळ्याकाठच्या दुकानातली सायकल सरावाच्या सायकलीपेक्षा उंच निघाली. सीट खाली करूनही शुभदाचे पाय जमिनीला नीट टेकेनात. दुकानातल्या म्हाताऱ्या मालकाने तिच्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि सरळ माझ्याकडे बोट केलं. "बाबांनी पुढे बसायचं."

मला घाम फुटला! सायकल चालवायची भीती नव्हती. तुमच्याबरोबर तीन दिवस बोलायचं काय, ही होती. तुम्हालाही तेच वाटलं असणार. मग साडीऐवजी घातलेल्या शुभदाच्या ट्रॅक पँटचे पाय सारखे करत म्हणालात, "चला मिलिंदराव. आता काय, सापडलो आपण एकमेकांना."

पहिला अर्धा किलोमीटर आपण दारू प्यायल्यासारखे गेलो. मग लय सापडली. आणि तुम्ही विचारलंत, "काय दिसतंय?"

"तळं."

"कसं आहे तळं?"

"मोठं आहे."

मग तुमचा तो वर्गातला आवाज आला. "मिलिंदराव, या उत्तराला मी शून्य मार्क दिले असते. तळं कुठल्या हाताला? पलीकडचा काठ दिसतो का? पाण्याचा रंग कसा? काठावर काय उगवलंय? आधी दिशा सांगायची. मग लांबचं, मग जवळचं."

मी चाळिशीचा माणूस, दिवसभर संगणकासमोर बसणारा. असं कधी कशाकडे पाहिलंच नव्हतं! पण तुम्ही सोडायला तयार नव्हतात. तळं उजव्या हाताला. पलीकडचा काठ म्हणजे एक करडी रेघ. पाणी दुधाच्या चहासारखं. काठाला लव्हाळी. एक बगळा उभा. "कुठल्या पायावर?" तुम्ही विचारलंत. मी मान वळवून पाहिलं आणि सायकल घसरता घसरता वाचली. "राहू दे, राहू दे," तुम्ही घाईघाईने म्हणालात, "दोन्ही पायांवर आहे असं धरू!"

दुपारपर्यंत मला बोलायची सवय लागली होती. शुभदा मागून येऊन विचारून गेली, "तुम्ही दोघं एवढं काय बोलताय?"

तिथे कमळाची शेतं लागली. भातखाचरासारखी पाण्याने भरलेली, वाळून काळपट पडलेली पानं, मोडलेले देठ, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी माणसं हाताने चिखल चाचपत कमळकाकडी काढत होती. मी हे सांगितलं तशी तुम्ही म्हणालात, "थांबा. मला हात लावायचाय."

शेडमध्ये एक आजीबाई कमळकाकड्या धुवत होत्या. इराला पुढे केलं. इराचं कसं आहे, मराठी तिला येतं, पण जपानी आधी येतं. तोवर ती तुमच्याशी "हो", "नको" आणि जपानी होकाराचं "हाई" एवढ्यावर भागवत होती. तिथे मात्र तिला दुभाषी व्हावं लागलं. त्या आजीबाईंनी अख्खी, न धुतलेली कमळकाकडी तुमच्या ओंजळीत ठेवली. तुम्ही तुटलेल्या टोकाच्या एकेका भोकात करंगळी घालून मोजलंत.

"ओबासान म्हणते, ते दोरोमध्ये वाढतं," इरा म्हणाली.

"दोरो म्हणजे?"

इराला शब्द सापडेना. तिने वाकून तुमच्या बोटाला चिखल लावला.

"चिखल!" तुम्ही म्हणालात.

"चिखल," इरा म्हणाली. मग पुढचे दोन किलोमीटर ती तोच शब्द मोठ्याने म्हणत सायकल चालवत होती. चिखल, चिखल, चिखल. आजही पावसात बूट भरले की ती दारातून "चिखल!" असंच ओरडते.

दुसऱ्या दिवशी वारा समोरून होता. शुभदा आणि इरा पुढे निघून गेल्या. त्या हलक्या होत्या. मी मान खाली घालून पायडल मारत होतो आणि तुम्हाला काहीही सांगत नव्हतो. तुम्हीही बराच वेळ विचारलं नाहीत.

मग म्हणालात, "आज तुम्ही सायकल चालवत नाही आहात. कुणाशी तरी भांडताय."

"वारा आहे."

"वारा मलाही लागतोय. मिलिंदराव, या सायकलची साखळी एकच आहे. तुमचे पाय काय करतात ते माझ्या पायांना कळतं. काल असे नव्हते. काय झालंय?"

मी आणखी जोरात पायडल मारलं.

"तुम्हाला मागे वळून माझ्याकडे बघता येत नाही, आणि मला तर दिसतच नाही," तुम्ही म्हणालात. "यापेक्षा सोय ती कुठली? बोला."

आणि मी बोललो. कसा बोललो देव जाणे! ज्या कंपनीच्या कामावर मी होतो तिने करार पुढे वाढवायचा नाही असं कळवलं होतं. डिसेंबरअखेर काम संपणार होतं. दुसरं नाही मिळालं तर आमचं इथे राहणंच धोक्यात येणार होतं. इराची शाळा, घर, सगळं. मी रोज नेहमीसारखा डबा घेऊन जात होतो, नेहमीसारखा परत येत होतो.

नुसते पायडल फिरत होते. मला वाटलं, झालं. मुलीला सातासमुद्रांपलीकडे आणून ठेवणारा जावई नोकरीही टिकवू शकत नाही, असं वाटलं असणार यांना.

"शुभदाला ठाऊक आहे?"

"नाही."

"किती दिवस झाले?"

"बावीस."

"अरे मिलिंद, थांब! थांबव सायकल."

राव गळून पडलं होतं! मी सायकल थांबवली. आपण बांधाच्या उतारावर गवतात बसलो. तुम्हाला वाऱ्याकडे पाठ करून बसवलं. तुमचं तोंड तळ्याकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं, तिसरीकडेच कुठेतरी होतं. आणि तुम्ही जे सांगितलंत ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. लिहिलं तर आजच.

"माझी नजर निवृत्तीनंतर एकाएकी गेली असं सगळ्यांना ठाऊक आहे ना? तसं नाही झालं. शेवटची दीड वर्षं मी कडेचं दिसत नसताना सायकल चालवली. यात कडेचं आधी जातं. समोरचं दिसत राहतं, म्हणून माणूस स्वतःला फसवू शकतो. एक दिवस मंडईच्या कोपऱ्यावर एका भाजीवालीला धडकले. तिचा हात मोडला. सगळ्यांना सांगितलं, ब्रेक लागला नाही."

तुम्ही गवताचं एक पातं उपटलंत.

"ब्रेक चांगले होते, मिलिंद. मला ती दिसलीच नव्हती. तरी मी डॉक्टरकडे गेले नाही. गेले तेव्हा ते म्हणाले, बाई, वर्षभर आधी आला असतात तर थेंबांवर भागलं असतं."

"का नाही गेलात?"

"सायकल सुटली असती. शाळा सुटली असती. आणि शुभदाचं लग्न ठरत होतं. तुमच्याकडे. हा रोग घराण्यात येतो असं ऐकलं होतं. मुलीच्या आईचे डोळे चाललेत म्हटल्यावर तुमच्याकडची माणसं काय म्हणतील, या भीतीने मी तोंड बंद ठेवलं."

"आमच्या घरी कुणी काही म्हटलं नसतं."

"ते आता माहीत आहे रे. तेव्हा नव्हतं."

आई, मला तेव्हा काय वाटलं ते सांगू? आमच्या लग्नाच्या फोटोत तुम्ही माझ्याकडे न बघता थोडं बाजूला बघताय. मी अकरा वर्षं समजत होतो की तुम्हाला मी पसंत नव्हतो!

मी पाण्याची बाटली तुमच्या हातात दिली. तुम्ही दोन घोट घेतलेत, पदर शोधलात, पदर नव्हता, शुभदाच्या जॅकेटच्या बाहीने तोंड पुसलंत.

"ऐक," तुम्ही म्हणालात. "तू तुझं सांग, मी माझं सांगते. आज. तिच्यापाशी पोचल्याबरोबर. नंतर बघू म्हटलं की ते राहतं."

शुभदा आणि इरा तीन-चार किलोमीटर पुढे एका बाकावर ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खात बसल्या होत्या. शुभदाने आपल्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य काय, तर "कुणी पडलं का?" मी सांगितलं. उभ्याउभ्या, हेल्मेट न काढता. लगेच पाठोपाठ तुम्ही सांगितलंत, भाजीवालीसकट.

शुभदाने तोंडातला घास संपवला, सायकल घेतली आणि एकटीच निघून गेली. आपण तिघं बाकावर. इराने जपानीत मला काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं नाही. "काय म्हणतेय ती?" तुम्ही विचारलंत. मी तेही सांगितलं नाही. मग तिने स्वतःच एकेक शब्द शोधत मराठीत विचारलं, "आजी, बाबाची नोकरी संपली. मग आपण कुठे राहणार?"

तुम्ही तिला जवळ ओढलंत. "अजून ठरलेलं नाही. ठरलं की तुला त्याच दिवशी सांगायचं, असं आपण बाबाला बजावू."

"हाई," इरा म्हणाली.

शुभदा अर्ध्या तासाने परत आली. नाक लाल झालं होतं, वाऱ्याने की रडून ते मी विचारलं नाही. आधी माझ्याकडे वळली, "बावीस दिवस?" मग तुमच्याकडे, "दीड वर्ष?" आणि मग म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच सायकलवर शोभता!"

त्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी ती आपल्या दोघांशीही बोलली नाही. जेवताना मिठाची बाटलीसुद्धा इराच्या हाती पाठवली. तुम्ही आणि मी वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारखे भिंतीला टेकून शेजारी शेजारी बसलो होतो. तुम्ही हळूच मला म्हणालात, "बरं वाटतंय ना?" आणि आई, खरंच वाटत होतं! तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला चव कळत होती.

सकाळी शुभदा उठली तीच कामाला लागली. नाश्ता करता करता तिने मला विचारलं, कुठे कुठे अर्ज केलेत, कुणाशी बोललास, तुझ्या त्या जुन्या मॅनेजर-सानना विचारलंस का? मी म्हटलं, लाज वाटली. ती म्हणाली, "लाज मला दे, मी ठेवते. तू फोन कर." मग तुम्हाला म्हणाली, "आणि आई, हा रोग घराण्यात येतो ना? मग माझे डोळे कोण तपासणार?"

तिसऱ्या दिवशी वारा पडला होता. आपण परतीच्या वाटेवर होतो. तळं अजूनही उजव्या हाताला, आणि समोर लांबवर एक डोंगर दिसू लागला, दोन शिखरांचा. मी सांगितलं.

"समोर म्हणजे नाकासमोर?"

"नाही, जरा उजवीकडे."

"सकाळ आहे, ऊन माझ्या पाठीवर आहे. म्हणजे आपण पश्चिमेला चाललोय आणि डोंगर वायव्येला. त्सुकुबाचा असणार." मागून तुमचा आवाज खूश झाला होता. "मला दिसला, मिलिंद."

दुकानात सायकल परत देताना मालकाने किती झालं विचारलं. इराने मोबाइल बघून सांगितलं, चौऱ्याण्णव किलोमीटर. तो म्हातारा तुमच्यापुढे कमरेतून वाकला. तुम्हाला ते दिसलं नाही, म्हणून मी सांगितलं. तुम्ही दुकानभर ऐकू जाईल अशा मराठीत म्हणालात, "त्यांना म्हणावं, सायकलला तेल द्या, मागचं पायडल करकरतं!" इराने त्याचं भाषांतर "आभारी आहोत" असं केलं. हे तुम्हाला कधी कळलं नाही, आता सांगतोय.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण क्रमाने सांगितल्याशिवाय माझ्यासारख्याला राहवत नाही. जानेवारीत तुम्ही परत गेलात. मला मार्चपर्यंत काम मिळालं नव्हतं. त्या तीन महिन्यांत घरात भांडणं झाली, पण बंद दाराआडचं गप्प बसणं झालं नाही. शुभदा इथल्या भारतीय शाळेत जादा तास घेऊ लागली. मी स्वयंपाक शिकलो, म्हणजे पोहे शिकलो. मग जुन्या मॅनेजर-सानच्या ओळखीने त्सुकुबातल्या एका छोट्या कंपनीत काम मिळालं. गाडीतून रोज तो डोंगर दिसतो.

शुभदाचे डोळे तपासले. दाब वाढलेला निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, फार वेळेवर आलात, अजून काहीही बिघडलेलं नाही. रोज थेंब घालते ती. इरा तिला आठवण करते. दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि गेल्या तिन्ही वेळा "जसंच्या तसं आहे" असं उत्तर. आई, त्या गवतात बसून तुम्ही तोंड उघडलं नसतंत तर? मी हा विचार फार वेळ करत नाही.

आणि आपले ते फोन! दर शनिवारी तुम्ही शुभदाशी बोलून झालं की म्हणायचात, "मिलिंदला दे." मग मला, "काय दिसतंय?" मी स्टेशनवर असलो तर स्टेशन सांगायचो, दुकानात असलो तर दुकान. एकदा कचरा टाकायला उतरलो होतो, तर जाळायचा कचरा, न जळणारा कचरा, बाटल्या, पुठ्ठे, सगळ्या ढिगांचं वर्णन तुम्ही माझ्याकडून करून घेतलंत! दिशांसह!

आता दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक माझी चूक आणि एक तुमची.

माझी अशी. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तुम्ही म्हणाला होतात, परत येते, या वेळी पूर्ण मोठा फेरा मारू. मी म्हटलं, नोकरी नवीन आहे, रजा मिळणार नाही, पुढच्या वर्षी या. तुम्ही लगेच "बरं बरं" म्हणालात. मागितली असती तर चार दिवस रजा मिळाली असती, आई. मी मागितलीच नाही.

तुमची अशी. सप्टेंबरमध्ये गणपती उठल्यावर आठ दिवसांनी शेजारच्या काकूंचा फोन आला. तुम्ही सकाळी उठलाच नाहीत. शुभदा दुसऱ्या दिवशी कराडला पोचली. तेव्हा काकूंनी तिला सांगितलं की महिनाभर तुम्हाला जिना चढताना धाप लागत होती, छातीत भरून येत होतं. आणि तुम्ही त्यांना शपथ घातली होतीत, पोरीला कळवायचं नाही, तिचं आत्ता कुठे मार्गी लागलंय.

महिनाभर! त्या महिन्यात चार शनिवार आले. चारही शनिवारी तुम्ही मला "काय दिसतंय" विचारलंत, आणि मी मूर्खासारखा काय काय सांगत बसलो. तुम्हाला काय होतंय, हे मी एकदाही विचारलं नाही. पण तुम्ही तरी का नाही सांगितलंत? मला थांबवून, गवतात बसवून, बावीस दिवसांचा हिशेब विचारणारी बाई ती तुम्हीच ना?

मी तुमच्यावर फार दिवस रागावू शकलो नाही. जी सवय साऱ्या जन्माची, ती एका सहलीत कशी सुटणार? माझीही अधूनमधून उलटते. पण शुभदाचं तसं नाही. ती तुमच्याबद्दल बोलतच नव्हती. फोटो लावू दिला नाही. इराने "आजी" म्हटलं की भांडी घासायला उठायची. मला वाटायचं हे दुःख आहे. मी समजूत घालत राहिलो. त्यांना त्रास झाला नाही, झोपेत गेल्या, पुण्यवान होत्या, वगैरे. ती आणखीच गप्प व्हायची.

काल मोरी-सानना सोडून घरी आलो आणि पोहे खाताना तिला सगळं सांगितलं. ते मागे बसून गुणगुणत होते, ब्रेक दाबला की त्यांना चाकाचा सूर बिघडल्याचं कळायचं, असं सगळं. सांगता सांगता बोलून गेलो, "आईंना हे फार आवडलं असतं." आणि ती एकदम म्हणाली, "आवडलं असतं, तर राहायचं होतं ना! एक फोन करायचा होता! मला तिच्यावर रागवायचंय, मिलिंद, आणि तू मला रागवूच देत नाहीस!"

इरा आतून आली. तिचं अकरावं चालू आहे आता. तिने आईकडे पाहिलं, खुर्ची ओढून शेजारी बसली आणि मराठीत म्हणाली, "मला पण." मग त्या दोघी तुमच्यावर रागावल्या, आई. चांगला तासभर! मधेच कमळकाकडीवाल्या आजीबाईंची गोष्ट निघाली आणि शुभदा रडता रडता हसली. जवळपास वर्षाने तिने "माझी आई" हे दोन शब्द माझ्यासमोर उच्चारले.

पुढच्या महिन्यात तुमचं वर्षश्राद्ध आहे. आम्ही तिघंही कराडला येतोय. रजा या वेळी मी मागितली, आणि मिळाली. शुभदाला तुमचं घर स्वतः उघडायचंय, एकटीने, बाकीचे यायच्या आत.

मी तुम्हाला शब्द देतो. ती त्या घरात जाईल, तुमच्या कपाटापाशी उभी राहील आणि तुम्हाला वाट्टेल ते बोलेल, तेव्हा मी तुमची बाजू घेणार नाही. समजूत घालणार नाही. तुम्ही किती चांगल्या होतात हे तिला सांगणार नाही, ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी इराला घेऊन बाहेर पायरीवर बसेन. आवाज रस्त्यापर्यंत गेला तरी तिला थांबवणार नाही. शेजारच्या काकू बाहेर आल्या तर म्हणेन, चालू द्या, मायलेकी बोलतायत.

आणि तिचं बोलून झालं की आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकेन.

तुमचा,
मिलिंद
(राव नको)